फिजिओथेरपी : सशुल्क पदवी की सवेतन संशोधन?

चोर्ला घाट ओलांडून गोव्यातील रुग्ण जसे बेळगावच्या रुग्णालयांत जातात, तसेच गोव्यातील विद्यार्थीही तेथील महाविद्यालयांत जातात. फिजिओथेरपी हा त्यांच्या पसंतीचा एक ठळक विषय. निपाणी, चिकोडी, खानापूर या भागांतील मुले-मुली कधी बेळगावच्या केएलई अभिमत विद्यापीठात, तर कधी उत्तरेला कोल्हापूर किंवा कराडला जाऊन हीच पदवी घेतात. चार वर्षांचा अभ्यासक्रम, त्यानंतरचे प्रशिक्षण आणि पुढे दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी एवढी मजल मारल्यानंतर पुढे काय, हा प्रश्न या सर्वांसमोर एकाच स्वरूपात उभा राहतो. मोठ्या रुग्णालयांतील जागा मोजक्या, खासगी दवाखान्यांतील पगार तुटपुंजे आणि स्वतःचा दवाखाना थाटण्यासाठी भांडवल नाही. मग परदेशाचा विचार सुरू होतो.

या विचाराला आज बहुतेक वेळा एकच दिशा मिळते, ती म्हणजे शुल्क भरून घ्यायच्या पदवीची. तीस-चाळीस लाखांचे कर्ज, तारण ठेवलेली जमीन किंवा घर आणि दोन वर्षांनंतर नोकरीची आशा. दुसरी एक वाट आहे, तिची माहिती सीमाभागातील महाविद्यालयांत फारच थोड्यांपर्यंत पोहोचते. त्या वाटेवर विद्यार्थी शुल्क भरत नाही, उलट विद्यापीठ त्याला तीन-चार वर्षे वेतन किंवा निर्वाहवेतन देते. ती वाट म्हणजे संशोधनाची, अर्थसाहाय्यित पीएचडीची. ती अरुंद आहे आणि तिच्यासाठी तयारीही वेगळी लागते. मात्र गेल्या दोन वर्षांत परदेशी शिक्षणाचे अनेक दरवाजे बंद होत असताना हा दरवाजा तुलनेने उघडा राहिला आहे.

नियम कडक झाले, पण कोणासाठी?

ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्यांना जोडीदार व मुले सोबत आणण्यास मनाई केली, मात्र पीएचडीसारख्या संशोधन पदव्यांच्या विद्यार्थ्यांना त्यातून वगळले. शिक्षणानंतर तेथे राहून काम करण्याची मुदत १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांसाठी दोन वर्षांवरून दीड वर्षावर येणार आहे. पीएचडीधारकांची तीन वर्षांची मुदत तशीच राहणार आहे. ऑस्ट्रेलियाने परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवर नियंत्रण आणले, पण संशोधन विद्यार्थी त्या गणतीत धरलेले नाहीत. कॅनडाने २०२४ मध्ये अभ्यास परवान्यांवर मर्यादा घातली, पुढच्या वर्षी ती पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही लागू केली. मग १ जानेवारी २०२६ पासून सार्वजनिक विद्यापीठांतील पदव्युत्तर व पीएचडी विद्यार्थ्यांना त्या मर्यादेतून मुक्त केले.

या तीनही देशांच्या धोरणांतून एकच सूत्र दिसते. शुल्क भरून येणाऱ्यांची गर्दी त्यांना कमी करायची आहे, संशोधन करणारे हात त्यांना हवेच आहेत. अमेरिकेचे चित्र मात्र निराळे आहे. तेथे २०२५ मध्ये आरोग्य संशोधनाच्या केंद्रीय अनुदानांना कात्री लागली. पुनर्वसनशास्त्रात मोठे नाव असलेल्या पिट्सबर्ग विद्यापीठाने फेब्रुवारी २०२५ मध्ये पीएचडी प्रवेश काही काळ थांबवले. त्याच वर्षी मे-जूनमध्ये विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतीही काही आठवडे बंद होत्या. अमेरिका म्हणजेच परदेश, हे समीकरण मनात धरून चालणाऱ्या विद्यार्थ्याने या घडामोडींची नोंद घ्यायला हवी.

'डॉक्टर' या शब्दाचा गोंधळ

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी 'डॉक्टर' लावू नये, असे पत्र काढले आणि लगेच ते स्थगितही केले. त्या वादात दोन्ही बाजूंनी बरीच शाई खर्च झाली. परंतु परदेशी जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने या शब्दाभोवतीचा खरा गोंधळ वेगळाच आहे.

अमेरिकेत फिजिओथेरपीच्या व्यवसायात प्रवेश करण्यासाठी जी पदवी लागते, तिचे नाव 'डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी', म्हणजे डीपीटी. ही सुमारे तीन वर्षांची व्यावसायिक पदवी आहे. तिचे शुल्क विद्यार्थीच भरतो, आणि परदेशी विद्यार्थ्याला त्यात साहाय्य मिळण्याची शक्यता अत्यल्प असते. पीएचडी ही संशोधनाची पदवी. अमेरिकेतील पीएचडी विद्यार्थी सामान्यतः अध्यापन किंवा संशोधन साहाय्यक म्हणून काम करतो. त्या बदल्यात शुल्क माफ होते आणि दरमहा निर्वाहवेतन मिळते. नावात 'डॉक्टर' आहे म्हणून डीपीटीलाच डॉक्टरेट समजून कर्ज काढणारी कुटुंबे सीमाभागात आहेत, गोव्यातही आहेत.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. पीएचडी मिळाली म्हणून त्या देशात रुग्णांवर उपचार करण्याचा परवाना मिळत नाही. त्यासाठी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका येथील नोंदणीची स्वतंत्र प्रक्रिया पार पाडावी लागते. ज्याला रुग्णसेवाच करायची आहे, त्याच्यासाठी पीएचडी हा जवळचा मार्ग नाही. ज्याला प्रश्न विचारण्यात आणि त्याची उत्तरे मोजमापाने शोधण्यात रस आहे, त्याच्यासाठीच तो आहे. हा निर्णय अर्ज करण्याआधी व्हायला हवा.

पैसा येतो कुठून?

अर्थसाहाय्याच्या पद्धती देशागणिक बदलतात. नेदरलँड्स, स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क या देशांत पीएचडी करणारा बहुधा विद्यापीठाचा कर्मचारी असतो. तेथे जागेची जाहिरात निघते, मुलाखत होते आणि करार होतो. नेदरलँड्समध्ये चार वर्षांच्या करारात पहिल्या वर्षाचे करपूर्व वेतन २०२५ च्या सुमारास दरमहा २,९०० युरोच्या आसपास होते. अॅमस्टरडॅम, मास्ट्रिख्त, ग्रोनिंगेन येथील विद्यापीठांत किंवा स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत पाठदुखी, पक्षाघात, वृद्धांचे पडणे अशा विषयांवर काम चालते. युरोपीय संघाच्या मारी क्युरी योजनेतील संशोधन जाळ्यांतही अशी पदे असतात. तेथे नियुक्तीआधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात बारा महिन्यांहून अधिक काळ राहिलेला उमेदवार अपात्र ठरतो. बेळगावहून थेट अर्ज करणाऱ्याला ही अट सोयीचीच आहे.

ऑस्ट्रेलियात केंद्र सरकारच्या संशोधन प्रशिक्षण कार्यक्रमातून शुल्क व निर्वाहवेतन दोन्ही मिळू शकते. २०२५ साठी मूळ वार्षिक निर्वाहवेतन ३३,५११ ऑस्ट्रेलियन डॉलर होते, म्हणजे अठरा-एकोणीस लाख रुपयांच्या आसपास. सिडनी, मेलबर्न, क्वीन्सलँड येथील विद्यापीठे या विषयात अग्रगण्य आहेत. फिजिओथेरपीतील चाचण्यांची 'पेड्रो' ही जगभर वापरली जाणारी माहितीसूची सिडनीतच १९९९ मध्ये सुरू झाली. न्यूझीलंडमध्ये परदेशी पीएचडी विद्यार्थ्याला स्थानिक विद्यार्थ्याइतकेच शुल्क पडते, त्यामुळे शिष्यवृत्तीची रक्कम लहान असली तरी हिशेब जमतो. ओटागो विद्यापीठाची फिजिओथेरपी शाळा तर १९१३ पासूनची. हाँगकाँगमध्ये २००९ पासून चालू असलेली पीएचडी फेलोशिप आहे. तिचे अर्ज साधारण सप्टेंबर ते १ डिसेंबर या काळात घेतले जातात, आणि तेथील पॉलिटेक्निक विद्यापीठात पुनर्वसनशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे.

इतक्या संधी असूनही त्यांची चर्चा होत नाही, याचे एक कारण बाजारात आहे. परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या बहुतेक कार्यालयांचे उत्पन्न विद्यापीठांकडून मिळणाऱ्या दलालीवर चालते, आणि ती दलाली विद्यार्थ्याने भरलेल्या शुल्काच्या प्रमाणात असते. ज्या जागेला शुल्कच नाही, त्या जागेची दलालीही नाही. साहजिकच सल्लागाराच्या टेबलावर शुल्काच्या पदव्यांची माहितीपत्रके असतात आणि सवेतन संशोधनाची जाहिरात नसते. यात फसवणूक असतेच असे नाही, परंतु सल्ला आणि विक्री यांतला फरक पालकांनी ओळखला पाहिजे.

देशातील परिस्थितीही विद्यार्थ्याला बाहेर पाहायला लावते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नेट परीक्षेच्या विषययादीत फिजिओथेरपी नाही. त्यामुळे इतर विषयांतील विद्यार्थ्याला मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची सरळ वाट या विषयाला उपलब्ध नाही. भारतात फिजिओथेरपीत पीएचडी करणारे अनेकजण अध्यापकाची नोकरी सांभाळून, स्वतःचा पैसा घालून ती पूर्ण करतात.

सीमेवरचा रहिवासी कोणाचा?

सरकारी शिष्यवृत्त्यांकडे वळले की सीमाभागातील विद्यार्थ्याची खास अडचण समोर येते. महाराष्ट्र सरकार अनुसूचित जाती, इतर मागासवर्ग, मराठा-कुणबी अशा विविध घटकांसाठी परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या देते, पण अर्जदार महाराष्ट्राचा रहिवासी असावा ही त्यांची पायाभूत अट आहे. निपाणीचा विद्यार्थी मराठी माध्यमात शिकलेला असला, त्याचे नातेवाईक कागल-कोल्हापुरात असले, तरी त्याचा रहिवास कर्नाटकाचा. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर व शहरांवर हक्क सांगतो, त्यांत निपाणी व बेळगाव आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने त्याबाबत एकमताने ठरावही केला. अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशनियमांत सीमाभागातील मराठी भाषक उमेदवारांसाठी महाराष्ट्राने वेगळा प्रवर्ग ठेवला आहे. प्रवेशासाठी जे तत्त्व मान्य झाले, ते परदेशी संशोधनाच्या शिष्यवृत्तीलाही स्पष्टपणे लागू करता येईल. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या दाव्याच्या निकालाची त्यासाठी वाट पाहण्याचे कारण नाही.

कर्नाटक सरकारची अनुसूचित जाती-जमातींसाठी 'प्रबुद्ध' ही परदेशी शिक्षण योजना आहे, आणि सीमाभागातील पात्र विद्यार्थ्यांचा तिच्यावर पूर्ण हक्क आहे. भाषिक दुराव्यामुळे तिची माहिती कन्नड कागदांतच अडकून राहू नये. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती तर राज्याच्या सीमेपलीकडची आहे. अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्यासाठी तिच्या १२५ जागा आहेत. वय ३५ वर्षांपर्यंत, कौटुंबिक उत्पन्न वर्षाला आठ लाखांपर्यंत, पात्रता परीक्षेत किमान ६० टक्के गुण आणि जगातील पहिल्या पाचशे क्रमवारीतील विद्यापीठात प्रवेश, अशा तिच्या प्रमुख अटी. शेतमजुराच्या घरातील निपाणीच्या मुलीला ही योजना लागू होऊ शकते, हे तिच्या महाविद्यालयाने तिला सांगायला हवे.

गोव्यातील विद्यार्थ्यांची स्थिती या बाबतीत सुकर आहे. मनोहर पर्रीकर यांच्या नावाची गोवा स्कॉलर्स योजना आणि गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्ज योजना त्यांच्यासाठी आहेत. पदवी बेळगावला घेतली तरी गोव्यातील रहिवासाचे पुरावे जपून ठेवणे आणि योजनेच्या त्या-त्या वर्षीच्या अटी आधीच तपासणे, एवढी काळजी घ्यावी.

या सर्व सरकारी योजनांपेक्षा एक गोष्ट मात्र सीमाभागातील विद्यार्थ्याला अधिक मोलाची आहे. परदेशी विद्यापीठाची सवेतन जागा रहिवासाचा दाखला, जात किंवा मातृभाषा विचारत नाही. ती विचारते की उमेदवाराला कोणता प्रश्न सोडवायचा आहे आणि तो सोडवण्याचे कौशल्य त्याच्याकडे आहे का.

बेळगावने दिलेला धडा

खेड्यातल्या प्रश्नाला जगाचा पैसा मिळतो, याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाने होणारे माता-मृत्यू रोखण्यासाठी मिसोप्रोस्टोल ही स्वस्त गोळी उपयोगी पडते का, याची चाचणी २००२ ते २००५ या काळात तत्कालीन बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत झाली. जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधक आणि अमेरिकी सहकारी तिच्यामागे होते. १,६२० स्त्रिया तिच्यात सहभागी झाल्या आणि गोळी देण्याचे काम उपकेंद्रांतील प्रसाविका परिचारिकांनी केले. रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या मातृआरोग्य धोरणात त्यांची दखल घेतली गेली. पुढे २०२० मध्ये त्याच नियतकालिकात सहा देशांतील सुमारे बारा हजार गर्भवतींवरील अॅस्पिरिनची चाचणी प्रसिद्ध झाली. त्या देशांपैकी भारतातील केंद्रांत बेळगाव व नागपूर होते. पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा होता.

या कामाचे मर्म असे, की प्रश्न बेळगावच्या खेड्यातला होता, मोजमाप काटेकोर होते आणि उत्तर जगाला हवे होते. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याने नेमके हेच गिरवायचे आहे.

निपाणी म्हटले की तंबाखू आणि विडी आलीच. १९८१ च्या तंबाखू उत्पादकांच्या आंदोलनाने या गावाचे नाव देशभर पोहोचले. तंबाखू वखारींतील स्त्री कामगारांच्या संघटनेवर छाया दातार यांनी 'वेजिंग चेंज' हे पुस्तक १९८९ मध्ये लिहिले. विडी वळणारी स्त्री दिवसाचे कित्येक तास जमिनीवर मांडी घालून, मान खाली झुकवून, बोटांची तीच ती हालचाल करत बसते. तिची मान, कंबर, मनगट, बोटे हा फिजिओथेरपीचा विषय आहे. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातील ऊसतोड कामगार, बेळगावच्या ओतशाळांतील कामगार, गोव्यात डोक्यावर पाटी घेऊन दारोदार फिरणारी मासळीविक्रेती यांच्या शरीरांचे प्रश्नही असेच आहेत. २०२० मध्ये जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा जागतिक आजारभार अभ्यासाचा अंदाज आहे. पुनर्वसनाची गरज असलेल्या लोकांची संख्या २४१ कोटी असल्याचे २०२० च्या 'लॅन्सेट'मधील अभ्यासात म्हटले आहे. अशा जगात निपाणीच्या विडी कामगाराची कंबर हा स्थानिक विषय उरत नाही.

सीमाभागातील विद्यार्थ्याजवळ आणखी एक भांडवल आहे, त्याची जाणीव त्याला सहसा नसते. तो मराठी व कन्नड बोलतो, हिंदी जाणतो, गोव्याचा असेल तर कोकणीही. गुडघ्याच्या संधिवातासाठी पाश्चात्त्य देशांत तयार झालेल्या एका प्रसिद्ध प्रश्नावलीत न्हाणीच्या टबात उतरताना-चढताना किती त्रास होतो, असा प्रश्न आहे. उंबरठ्यावर बसून भाजी निवडणाऱ्या, उकिडवे बसून भांडी घासणाऱ्या, जमिनीवर पूजेला बसणाऱ्या स्त्रीला तो प्रश्न विचारून काय कळणार? अशा प्रश्नावल्या भाषेत व जीवनपद्धतीत नीट रुजवणे हे स्वतंत्र शास्त्र आहे. त्यासाठी दोन-तीन भाषांत रुग्णाशी बोलू शकणारा संशोधक हवा असतो. सीमावादात ज्या बहुभाषिकतेकडे संशयाने पाहिले गेले, ती संशोधनाच्या अर्जात गुणाची बाजू ठरते.

शोध कसा घ्यावा?

पहिली अडचण नावाची. केवळ 'फिजिओथेरपी' हा शब्द घालून शोधले तर थोड्याच जागा दिसतात. पुनर्वसनशास्त्र, हालचालविज्ञान, बायोमेकॅनिक्स, किनेसिओलॉजी, एर्गोनॉमिक्स, सार्वजनिक आरोग्य, वार्धक्यशास्त्र या नावांखालीही त्याच विषयाच्या जागा असतात. युरोपसाठी युरॅक्सेस, नेदरलँड्ससाठी अकॅडेमिक ट्रान्सफर, ब्रिटनसाठी फाइंड अ पीएचडी ही संकेतस्थळे नियमित पाहण्यासारखी आहेत. युरोपातील जागा वर्षभर निघतात. अमेरिकेचे बहुतेक अर्ज डिसेंबर-जानेवारीत, हाँगकाँगचे १ डिसेंबरपर्यंत. म्हणजे तयारी किमान वर्षभर आधी सुरू व्हायला हवी.

दुसरी गोष्ट मार्गदर्शकाची. भारतात प्रवेश आधी आणि मार्गदर्शक नंतर, अशी सवय असते. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा येथे बहुधा मार्गदर्शक आधी मिळवावा लागतो. प्राध्यापकाला लिहिलेले पत्र एका पानाचे असावे. त्यांचे अलीकडचे कोणते संशोधन वाचले, त्यातून कोणता प्रश्न सुचला, आपल्या पदव्युत्तर प्रबंधात काय मोजले व कोणते तंत्र शिकलो, एवढेच त्यात असावे. शंभर प्राध्यापकांना एकच मजकूर पाठवणाऱ्याला उत्तर येत नाही. दहा प्राध्यापकांचे काम वाचून दहा वेगळी पत्रे लिहिणाऱ्याला दोन-तीन उत्तरे येऊ शकतात.

तिसरी गोष्ट पदव्युत्तर प्रबंधाची. सवेतन पीएचडीची पात्रता बेळगावात किंवा कराडमध्येच, पदव्युत्तरच्या दोन वर्षांत ठरते. प्रबंधात उपचाराची चाचणी असेल तर ती भारतीय चाचणी नोंदणी सूचीत पहिल्या रुग्णाआधी नोंदवलेली असावी. ती नोंद परदेशी प्राध्यापक काही क्षणांत पाहू शकतो. नमुन्याची संख्या कशी ठरवली, आकडेवारीचे विश्लेषण कोणी केले, ही उत्तरे विद्यार्थ्याला स्वतः देता आली पाहिजेत. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांतील पाच लेखांपेक्षा नामांकित नियतकालिकातील एक लेख अधिक वजनाचा असतो. अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये आपली 'केअर' नियतकालिक यादी बंद केल्यानंतर नियतकालिकाची पारख करण्याची जबाबदारी विद्यार्थी व मार्गदर्शकावरच आली आहे.

लगेच बाहेर जाणे शक्य नसेल तर मधला मार्गही आहे. भारतातील विद्यापीठात पीएचडीसाठी नोंदणी केलेल्या विद्यार्थ्याला फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिपमधून सहा ते नऊ महिने अमेरिकेत काम करता येते. अमेरिकेतील अनिश्चिततेचे सावट तिच्यावरही आहे, परंतु कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे चार वर्षे दूर राहू न शकणाऱ्यांसाठी ही वाट विचारात घेण्याजोगी आहे.

'पूर्ण साहाय्य' म्हणजे सर्व काही नव्हे

अर्थसाहाय्य मिळाले तरी पहिल्या पगारापूर्वीचा खर्च घरातूनच करावा लागतो. इंग्रजीची आयईएलटीएस परीक्षा सतरा-अठरा हजारांची. ऑस्ट्रेलियाच्या विद्यार्थी व्हिसाचे शुल्क जुलै २०२५ पासून २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे लाखभर रुपयांहून अधिक. ब्रिटनमध्ये आरोग्य अधिभार विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड, आणि तो मुदतीच्या सर्व वर्षांसाठी आगाऊ भरावा लागतो. शिवाय विमानभाडे, घराची अनामत, थंडीचे कपडे. तीन ते पाच लाखांची तजवीज हवी, असे धरून चालावे. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सामान्यतः तारण लागत नाही. १८९२ पासून चालू असलेली जे. एन. टाटा एन्डॉवमेंटची कर्ज-शिष्यवृत्तीही अशा खर्चाला उपयोगी पडते. चाळीस लाखांच्या कर्जाशी या रकमेची तुलना केली की दोन वाटांतला फरक स्पष्ट होतो.

प्रत्येक देकारपत्रात तीन गोष्टी शोधाव्यात. शुल्क पूर्ण माफ आहे का, निर्वाहवेतन किती वर्षांचे आहे आणि मार्गदर्शकाचे अनुदान मध्येच संपले तर विद्यापीठ काय करील. 'शिष्यवृत्ती मिळाली' असे म्हणून शुल्कात दहा-वीस टक्के सूट देणारी पत्रे या कसोटीवर उतरत नाहीत.

संस्थांचे आणि सरकारांचे काम

ही सर्व जबाबदारी विद्यार्थ्यावर टाकणे अन्यायाचे ठरेल. भारतात हा विषयच परदेशी सहकार्यातून रुजला. १९५२ च्या मुंबईतील पोलिओच्या साथीनंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५३ मध्ये केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा उभी राहिली. त्याआधी १९५० मध्ये कमला निंबकर यांनी अमेरिकेतून प्रशिक्षण घेऊन येऊन त्याच रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली होती. बाहेर जाऊन शिकणारा माणूस परत आला की संस्था उभी राहते, हा या क्षेत्राचा इतिहास आहे.

म्हणूनच बेळगाव, कराड, कोल्हापूर येथील महाविद्यालयांनी बाहेर गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची सूची करून त्यांचा आजच्या विद्यार्थ्यांशी संपर्क घडवून आणावा. संख्याशास्त्र व संशोधनलेखन यांचे शिक्षण परीक्षेपुरते न ठेवता प्रबंधाच्या कामातून द्यावे. २०२१ च्या संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसाय राष्ट्रीय आयोग कायद्याने फिजिओथेरपीला वैधानिक चौकट मिळाली आहे. आता या विषयाला देशांतर्गत संशोधन अधिछात्रवृत्तीचे दार उघडून देणे ही पुढची पायरी आहे. महाराष्ट्राने सीमाभागाला परदेशी शिष्यवृत्तीत सामावून घ्यावे, कर्नाटकाने आपल्या योजनांची माहिती मराठीतही पोहोचवावी. गोव्याने आपल्या स्कॉलर्स योजनेत आरोग्य पुनर्वसनासारख्या मनुष्यबळाची टंचाई असलेल्या विषयांकडे विशेष लक्ष द्यावे.

तोवर पालकांच्या हाती एक साधी कसोटी आहे. परदेशी विद्यापीठाचा देकार समोर आला की आधी विचारावे, पैसा कोणत्या बाजूने कोणत्या बाजूला जाणार आहे. तो घरातून विद्यापीठाकडे जात असेल तर ती खरेदी आहे, आणि खरेदीचे सर्व नियम तिला लावून पाहावेत. तो विद्यापीठाकडून विद्यार्थ्याकडे येत असेल, तर त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला कोणीतरी किंमत दिली आहे. जमीन तारण ठेवण्यापूर्वी एक वर्ष त्या प्रश्नाच्या तयारीला देणे सीमाभागातील आणि गोव्यातील कोणत्याही कुटुंबाला परवडण्यासारखे आहे.